नाव सोनूबाई, गाव कोची

कोचीला जायचं ठरलं की पहिली परीक्षा तिकीट काढतानाच होते. कोकण रेल्वेने जाणारा मराठी माणूस नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी ‘कोची’ नावाचं स्टेशन शोधू लागतो. उतरायचं असतं एर्नाकुळम जंक्शनला. त्यातही एर्नाकुळम दोन: जंक्शन आणि टाउन. स्थानिक लोक या दोन्ही नावांना भीक घालत नाहीत. त्यांच्या लेखी एक ‘साउथ’ आणि एक ‘नॉर्थ’. रिक्षावाल्याला ‘जंक्शन’ म्हणालात तर तो ‘कुठलं जंक्शन’ विचारतो, कारण केरळात चार रस्ते जिथे भेटतात त्या प्रत्येक नाक्याला जंक्शनच म्हणतात.

ही नुसती सुरुवात. या गावात कुठल्याच नावावर विसंबू नये, हे माझं ठाम मत आहे.

स्टेशनवर उतरल्यावर आपल्याला जायचं असतं खाडीपलीकडच्या फोर्ट कोचीला. पुलावरून रिक्षाने जाता येतं, पण त्यात मजा नाही. स्टेशनपासून दीडेक किलोमीटरवर बोट जेट्टी आहे. तिथून सरकारी बोट चहाच्या कटिंगपेक्षाही स्वस्तात वीसेक मिनिटांत पलीकडे सोडते. आणखी उत्तरेला, हायकोर्टाजवळ, वॉटर मेट्रोची वेगळी जेट्टी आहे. तिथली बोट वातानुकूलित, विजेवर चालणारी आणि महाग. दोन्ही जेट्ट्यांचं अंतर नकाशावर बोटभर दिसतं. बॅगा घेऊन, दमट हवेत, चुकीच्या जेट्टीवरून बरोबर जेट्टीवर चालत जाताना ते बोट चांगलंच लांबतं. म्हणून आधी ठरवा आणि रिक्षावाल्याला ‘बोट जेट्टी’ की ‘वॉटर मेट्रो’ हे स्पष्ट सांगा. सरकारी बोटीचा बोर्डही वाचून घ्या, कारण सगळ्याच बोटी फोर्ट कोचीला जात नाहीत.

उतरल्यावर पहिला प्रश्न: किल्ला कुठे आहे? नाही. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये बांधायला घेतला, 1663 मध्ये डचांनी जिंकला, 1795 मध्ये इंग्रज आले आणि पुढे त्यांनी तो पाडला. थोडे अवशेष उरलेत. मुंबईकराने यावर नाक मुरडू नये. आपणही रोज ‘फोर्टात’ कामाला जातो आणि तिथे तटबंदी शोधत नाही.

किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. चीनहून थेट आली की पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली यावर वाद आहे. भरीला त्यांच्या भागांची मल्याळी नावं पोर्तुगीज. यंत्र मात्र बघण्यासारखं आहे. किनाऱ्यावर रोवलेली, दहा मीटरपेक्षा उंच लाकडी चौकट, टोकाला वीसेक मीटर रुंद जाळं आणि मागच्या बाजूला दोरांना लटकवलेले फूटभर व्यासाचे दगड. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य तुळईवरून पुढे चालत गेला की जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं आणि मग चार-सहा जणांनी दोर ओढून ते वर घ्यायचं. एकेक दगड खाली टेकत जातो, तसा ओढणाऱ्यांवरचा भार सांभाळला जातो.

वर आलेल्या जाळ्यात बहुतेक वेळा मूठभर मासे, थोडी जलपर्णी आणि एखादी बाटली असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर खाडीतून जलपर्णीचे तांडे वाहत येतात. ती ओली जड झूल जाळ्यात बसली की तोल बिघडतो आणि दोर ओढता ओढवत नाही. ‘या साहेब, ओढा’ असं बोलावणं आलं तर ते मोफत आहे असं समजू नका. दोराला हात लावण्याआधी पैसे ठरवा. फोटो किनाऱ्यावरूनही तोच येतो.

शेजारी मासळीची दुकानं असतात. टोपलीतली सगळी मासळी समोरच्याच जाळ्यातली आहे ही श्रद्धा ठेवायला हरकत नाही, पण त्या श्रद्धेचे जादा पैसे देऊ नका. कल्ले उचलून लाल आहेत का बघा, पोट दाबून बघा. अयला म्हणजे बांगडा, मत्ती म्हणजे तारली, चेम्मीन म्हणजे कोळंबी, आणि ज्याचं एवढं कौतुक चालतं तो करीमीन म्हणजे गोव्यातला काळुंदर. साफ करण्याचे आणि जवळच्या टपरीत शिजवून घेण्याचे पैसे वेगळे. हे शेवटी कळतं, म्हणून आधी विचारायचं.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 रोजी कोचीत वारला आणि इथे पुरला गेला. कठड्याआड थडग्याचा दगड आहे, भोवती गर्दी आहे, फक्त वास्को नाही. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. रिकाम्या थडग्यापुढे लोक गंभीर चेहऱ्याने उभे असतात. मला तिथले टांगलेले कापडी पंखे जास्त आवडतात. दोर भिंतीतून बाहेर नेलेला, ओढणारा बाहेर उन्हात आणि वारा आत बसलेल्यांना.

आता मट्टनचेरी, अडीच-तीन किलोमीटर. चालत जाण्याचा विचार मनात आला तर तो सकाळी नऊच्या आतच आणा. कोची विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर आहे. इथे घाम येतो म्हणणं चूक, घाम इथेच राहतो. अंगावरून वाळून जातच नाही. छत्री घ्या, रेनकोट नको. त्यात पावसाने भिजत नाही, पण आतून शिजतो. हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की भिंगावर धुकं बसतं. बॅगेतच वीस मिनिटं राहू द्या.

रिक्षा केलीत तर भाडं संशयास्पद कमी सांगणारा टाळा. तो वाटेत एका मोठ्या दुकानापाशी थांबवून ‘फक्त दहा मिनिटं बघा, घेऊ नका’ म्हणेल. गिऱ्हाईक आत नेल्याबद्दल त्याला दुकानाकडून काहीतरी मिळतं. एकदा होकार दिला की अशी दुकानं तीन-चार होतात आणि हस्तिदंती दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या गणपतींची ओळख पक्की होते.

मट्टनचेरीचा ‘डच राजवाडा’ पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी 1663 मध्ये डागडुजी केली. म्हणजे बंगला बांधला एकाने, राहिला दुसरा आणि दारावर पाटी लागली गवंड्याची. आत युरोपातलं फारसं काही नाही. केरळी धाटणीचं चौसोपी घर, मधल्या अंगणात भगवतीचं देऊळ आणि राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण. चित्रांचे फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे लोक ती खरोखर बघतात.

इथे वार फार महत्त्वाचा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. शेजारचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना बंद, शुक्रवारचाही भरवसा नको. बाकीच्या दिवशी दुपारी एक ते तीन तिथे विश्रांती असते. म्हणजे शनिवार-रविवारला जोडून शुक्रवारची रजा टाकणारा हुशार नोकरदार नेमका बंद दारांसमोर येऊन उभा राहतो. रविवार ते गुरुवार, सकाळी दहा, ही वेळ पाठ करा.

या सिनेगॉगचं नाव परदेशी, साल 1568. अख्ख्या गावातलं हे एकच नाव प्रामाणिक. बाहेरून आलेल्या ज्यूंना राजाने देवळाला लागून जागा दिली आणि त्यांनी सरळ ‘परदेशी’ अशीच पाटी लावली. जमिनीवर अठराव्या शतकातल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आहेत. चपला बाहेर काढाव्या लागतात हे वरदान आहे. भर दुपारी तापलेल्या पावलांना त्या फरशा जे सांगतात ते कुठला गाइड सांगू शकत नाही. गुडघे मात्र झाकलेले हवेत, अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत.

चेरलाय भागात गेलात तर कान टवकारा. इथले गौड सारस्वत सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून आले. त्यांची कोकणी मल्याळी हेल काढत चालते, पण पाण्याला ‘उदक’ म्हणते. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्टुस मलबारिकुस’ काढला, त्याला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्या तीन वैद्यांनी मदत केली. त्यांचं 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलं आहे, तेही 1678 मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये! त्या पानाची प्रतिमा समोर आली की अक्षर लावायला बसावंच लागतं. संध्याकाळ जाते.

जेवताना समोर कोमट गुलाबी पाणी येईल. ते सरबत नाही आणि हात धुवायचंही नाही. पतंग नावाच्या झाडाच्या गाभ्याच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पिण्याचं पाणी आहे. निमूट प्या.

शेवटी मसाले. काळी मिरी फार चकाकत असेल तर कागदी रुमालात चोळून बघा, तेल लागलं तर पुढचं दुकान. चार दाणे पाण्यात टाका. पपईच्या बिया तरंगतात, पण पोचट मिरीही तरंगते, म्हणून तरंगणारा दाणा चावून बघावा. तोंड पेटलं तर मिरी. आणि आपल्या कोकमाची चुलत बहीण कुडमपुळी घ्याच. काळी, मऊ, धुरावर वाळवलेली. अर्धा किलो माशाला दोन-तीन पाकळ्या पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि कालवण मातीच्या भांड्यात करा, ॲल्युमिनियमला ती आंबट चव पचत नाही. नेताना मात्र स्टीलच्या डब्यात, वर दोन पिशव्या. नुसत्या कागदात गुंडाळून नेत्रावतीत चढलात तर मध्यरात्री समोरच्या बर्थवरच्या काकू उठून बसतात, डबाभर हुंगत फिरतात आणि सगळ्यांना जागं करून विचारतात, ‘अहो, कुठे काही जळतंय का?’