घसा बसवण्याचा राजमार्ग

आवाज ही फुकट मिळालेली वस्तू. पावती नाही, वॉरंटी नाही. मग ती जपून वापरायचा प्रश्नच कुठे येतो? मोबाइलच्या काचेला ओरखडा पडू नये म्हणून आपण तिच्यावर आणखी एक काच चिकटवतो. स्वरतंतूंवर तसलं काही चिकटवता येत नाही, अर्थात त्याची गरजच नसणार. तरीही काही माणसं ऐंशीव्या वर्षी खणखणीत बोलत असतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

ज्याची वाट लावायची, त्याची आधी तोंडओळख हवी. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, लांबीला दीड-दोन सेंटिमीटर. खालून श्वास आला की ते एकमेकांवर आपटतात: साध्या बोलण्यात पुरुषांचे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांचे दोनशेच्या आसपास. एखाद्या शिक्षिकेच्या दिवसभरातल्या बोलण्यापैकी, श्वास आणि विराम वगळून, नुसता अर्धा तास धरला तरी ३,६०,००० टाळ्या झाल्या. हातांनी एवढ्या वाजवल्या तर तळव्यांना घट्टे पडतील. स्वरतंतूंनाही पडतात. त्यांना गाठी म्हणतात आणि जिथे आपटणं सर्वांत जोरात तिथेच, दोन्ही बाजूंना, समोरासमोर येतात. शिक्षकांना आणि गायकांना हा मान जास्त मिळतो. तुम्ही दोन्ही नसलात तरी खचून जाऊ नका, ओरडणं सर्वांना खुलं आहे.

मात्र ओरडण्यातही पद्धत हवी. ‘बेंबीच्या देठापासून’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार फार घातक आहे, त्याच्या नादी लागू नका. खरोखरच पोटातून श्वासाचा जोर घेऊन बोललात तर घशावरचा ताण कमी होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. श्वास अर्धवट घ्या, खांदे वर उचला, मानेच्या शिरा फुगवा आणि सगळं काम एकट्या घशाकडून करून घ्या. वाक्य संपायच्या आत श्वास संपला तर उरलेले शब्द खरवडून काढा. समोर माईक ठेवला असेल तर तो हाताने दूर सारा आणि म्हणा, “मला माईक लागत नाही.” या एका वाक्याने जेवढे आवाज बसवले असतील, तेवढे सर्दीने तरी बसवले असतील का, मला शंका आहे.

घरी सराव चालू ठेवायला टीव्ही आहेच. तो मोठा करायचा आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी तिथूनच बोलायचं. उठून चार पावलं गेलं तर गुडघे झिजतात. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली मांडलं. म्हणजे तुम्ही फक्त गोंगाट निवडायचा, बाकीचं आपोआप होतं. मुलं आरडाओरडा करत असतील तर दारातून त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडून सांगा, की ओरडू नका. बालवयात आलेल्या गाठींचं श्रेय पुढे वाटून घेता येईल.

आता पाणी. दिवसभर थोडंथोडं पिण्याचा कंटाळवाणा मार्ग सोडा. भाषणाला उभं राहिल्यावर घशाला कोरड पडली, की मग ग्लास मागवा. विहीर खणायची ती तहान लागल्यावरच. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. स्वरतंतूंवर खरोखर पडलं तर ठसका लागून तुम्ही खाली बसाल. ते पोटात जाणार, रक्तात उतरणार आणि मग कधीतरी स्वरतंतूंपर्यंत ओलावा पोहोचणार. तोवर भाषण आटोपलेलं असेल. तेव्हा ऐन वेळचा घोट म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि म्हणूनच तो प्या.

मधल्या वेळात खाकरत राहा. खाकरणं म्हणजे दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर धोपटणं. त्याने चुरचुरतं, चुरचुरलं की पुन्हा खाकरावंसं वाटतं. एकदा गाडी चालू झाली की ढकलावी लागत नाही. नुसता आवंढा गिळा असं कुणी सुचवलं, तर त्याला उत्तर देण्यापूर्वी खाकरून घ्या. रात्री उशिरा भरपेट जेवा आणि लगेच आडवे व्हा, म्हणजे पोटातलं आम्लही घशाला भेटून जाईल. सिगारेटबद्दल मी वेगळं काय सांगणार? तिने स्वरतंतू सुजून इतके जड होतात, की फोनवरची माणसं बाईंना “हो सर” म्हणू लागतात. याच वाटेवर पुढे स्वरयंत्राचा कर्करोगही आहे, पण तिथे विनोद थांबतो, म्हणून मी तिथे थांबत नाही.

आवाज बसला की खरी परीक्षा. तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तरी ‘हवा बदलली’ म्हणा. थुंकीतून रक्त आलं, गिळायला त्रास झाला, मानेत गाठ लागली, तरी हवाच. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे सुजतो आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही; तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊ नका. तो दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतो. ही खोड मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाची: १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढे तो १०१ वर्षं जगला. घशात डोकावण्याचे असे दुष्परिणाम असतात.

आणि एवढं करूनही कुणी ओढून डॉक्टरकडे नेलंच, तर तो बहुधा बिनपैशाचं औषध सांगेल: काही दिवस गप्प बसा. नंतर स्पीच थेरपिस्टकडे जाऊन बोलायला नव्याने शिका, असंही म्हणेल. ज्याला जन्मभर बोलता येतंय त्याला शिकवणार! पहिल्या सल्ल्याचं मात्र पालन करा. घरी आल्याबरोबर सगळ्या नातेवाइकांना एकेक करून फोन लावा आणि आपल्याला बोलायची बंदी आहे हे सविस्तर कळवा. कुजबुजत सांगितलं तर मौन मोडत नाही अशी समजूत आहे, तिचा लाभ घ्या. घसा दाबून केलेल्या कुजबुजीने पुष्कळांच्या स्वरयंत्राला साध्या बोलण्याहून जास्त ताण पडतो. पलीकडून “काय? ऐकू येत नाही!” असं आलं, तर जरा मोठ्याने.