निळी अळंबी आणि फोटोवरून केलेलं बारसं

२०२४ च्या पावसाळ्यात सुरू झालेला एक फोटो अजून फिरतोय. तेलंगणात कागजनगरच्या जंगलातली निळीशार अळंबी, खाली मजकूर असा की 'न्यूझीलंडची अतिदुर्मिळ अळंबी, भारतात पहिल्यांदाच, रंगावरूनच ओळखू येते, किडे खातात म्हणजे आपल्यालाही चालते'. अळंबी खरी असेल हो, पण बाकीचं जरा तपासून घ्या.

'पहिल्यांदाच' हे तर लगेच निकालात निघतं, कारण १९८९ ला ओडिशातून अशी नोंद झाल्याचं २०२४ च्या बातम्यांतच होतं. आणि 'अतिदुर्मिळ' म्हणाल तर न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवर ती जंगलात पालापाचोळ्यात उगवते, त्यांच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर कोकाको पक्ष्याशेजारी छापलीय.

खरा घोळ रंगाचा आहे. नोटेवरची ती एन्टोलोमा हॉखश्टेटरी, पण जपानच्या बोनिन बेटांवरची एन्टोलोमा व्हिरेसेन्स पण निळीच, आणि या दोघींच्या नावांची अदलाबदल अभ्यासकांकडूनही झालीय, मग आपण मोबाईलवर झूम करून काय दिवे लावणार? गूगल लेन्सने न्यूझीलंडवालीचंच नाव दाखवलं म्हणता, अहो नेटवर निळ्या अळंबीचे फोटो बघाल तर बहुतेक न्यूझीलंडचेच, ते दुसरं काय दाखवणार.

ओळख पटवायची तर टोपी देठापासून कापायची, पाकळ्यांची (टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांची) बाजू खाली करून अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालून रात्रभर तशीच सोडायची. सकाळी गुलाबीसर भुकटी (म्हणजे बीजाणू) पडलेली दिसली तर एन्टोलोमा गटातली असू शकते, एवढंच, कारण गुलाबी भुकटी दुसऱ्याही अळंब्यांची पडते. मग मायक्रोस्कोपखाली बीजाणू कोनदार आहेत का बघायचं आणि नेमकी जात हवी असेल तर डीएनए तपासणी. ज्या फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही त्यातलं नाव म्हणजे अंदाज, फार तर चांगला अंदाज.

आता खायचं. किडे खातात म्हणून चालते हा तर्क सगळ्यात डेंजर, डेथ कॅप ही माणसाचं लिव्हर निकामी करणारी अळंबी गोगलगायी आरामात खातात. आणि शिजवून विष जातं म्हणणाऱ्यांनो, डेथ कॅपचं विष उकळूनही जात नाही. ही निळी तर न्यूझीलंडमध्येही खाण्यातली मानत नाहीत. प्राणहिता नदीच्या अलीकडे, गडचिरोलीत, पावसाळ्यात सात्या नावाच्या अळंब्या आवडीने खातात, पण त्या वर्षानुवर्षं ओळखीच्या. ही दिसली तर टोपीचा, पाकळ्यांचा, देठाच्या बुडाचा फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या बॉटनीवाल्यांना दाखवा.