माउसक्लिक्डवर का विसंबू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्विंगमध्ये (जावातला खिडक्या, बटणं वगैरे बनवण्याचा संच) क्लिक झाला की चालणारी माउसक्लिक्ड ही तयार मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) असताना मी माउसप्रेस्ड (बटण दाबताना चालणारी) आणि माउसरिलीज्ड (सोडताना चालणारी) वेगवेगळ्या लिहायला सांगून नवख्यांना उगाच घाबरवतो, माउसच्या उजव्या बटणासाठी जावा देतं तो क्रमांक ३ तपासला की भागतं, आणि डबल क्लिकसाठी टायमर लावावा. कोड लांबतो हे मान्य. बाकी मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

माउसक्लिक्ड येतं कधी? बटण दाबलं आणि पॉइंटर न हलवता सोडलं तर. मध्ये तो सरकला की जावा त्याला ड्रॅग समजतं आणि क्लिक्ड येतच नाही. किती सरकलेलं चालतं, तेही सगळ्या प्लॅटफॉर्मवर सारखं नाही. आपण आपलाच प्रोग्राम तपासतो तेव्हा जपून क्लिक करतो, म्हणून हे लक्षात येत नाही. पण ज्यांचा हात थरथरतो, किंवा जे घाईत पॉइंटर पुढच्या रकान्याकडे नेता नेताच बटण सोडतात, त्यांच्या पडद्यावर काहीच घडत नाही. ना एरर, ना लॉगमध्ये नोंद. माणूस पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो, आणि शेवटी 'मला कॉम्प्युटर जमत नाही' म्हणून गप्प बसतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण चूक त्याची नसते.

स्विंगचं स्वतःचं जेबटन, म्हणजे तयार बटण, काय करतं ते पाहा. सोर्स खुला आहे. त्या बटणावरचे माउसचे इशारे हाताळणारा बेसिकबटनलिसनर हा क्लास उघडा. त्यात माउसक्लिक्ड आहे, पण रिकामी! सगळं काम दाबणं आणि सोडणं यांवर चालतं. डावं बटण दाबलं की मॉडेल (बटणाची स्थिती लक्षात ठेवणारा भाग) 'आर्म्ड' (सोडताच काम करायला सज्ज) आणि 'प्रेस्ड' (दाबलेलं) होतं. दाबलेलंच ठेवून पॉइंटर बाहेर नेला की आर्म्ड जातं, आत आणला की परत येतं. सोडताना आर्म्ड असेल तरच ॲक्शन घडते. त्यामुळे बटणाच्या हद्दीत पॉइंटर कितीही हलला तरी बिघडत नाही. आणि 'डिलीट'वर चुकून दाबलं गेलंच, तर बोट न उचलता बाहेर सरकून माघार घेता येते. साधं बटण हवं असेल तर ॲक्शनलिसनर (ॲक्शन घडली की चालणारा कोड) लावा, हे सगळं आयतं मिळतं. पण जेपॅनलवर (स्विंगचा रिकामा पट) स्वतः चौकटी रंगवून त्यांवर क्लिक घ्यायचं असेल, तर ही माघारीची वाट तुम्हालाच ठेवावी लागते. त्या दोन मेथड त्यासाठी आहेत.

आता उजवं बटण. विंडोजवर उजव्या क्लिकचा मेनू हे बटण सोडल्यावर उघडतो, मॅक आणि लिनक्सवर दाबताक्षणी. मॅकवर कंट्रोल धरून डावं बटण दाबलं तरी मेनू अपेक्षित असतो, आणि तिथे क्रमांक ३ येतच नाही. म्हणून इजपॉपअपट्रिगर (हा इशारा मेनू उघडण्याचा आहे का, हे सांगणारी मेथड) दाबताना आणि सोडताना, दोन्हीकडे तपासायचं; जावाच्या अधिकृत दस्तऐवजातही हेच सांगितलंय. 'आमचे सगळे ग्राहक विंडोजवरच आहेत' असं तुम्ही म्हणता. तरीही जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून, सेटकंपोनंटपॉपअपमेनू (पडद्यावरच्या घटकाला मेनू जोडून देणारी मेथड) आहे. ते वापरलंत तर माउसचा कोड लिहावाच लागत नाही, शिवाय शिफ्ट आणि एफ१० दाबून कीबोर्डवरूनही मेनू उघडतो.

टायमरचा उपाय मला अजिबात पटला नाही. विंडोजवर डबल क्लिकची मुदत मुळात ५०० मिलिसेकंद असते. दुसरा क्लिक येतोय का म्हणून प्रत्येक साध्या क्लिकनंतर अर्धा सेकंद थांबायचं, तर अख्खा प्रोग्राम रेंगाळल्यासारखा वाटणार. त्यापेक्षा पहिल्या क्लिकने ओळ निवडा, दुसऱ्याने ती उघडा. पहिलं काम झालेलं असल्याने दुसऱ्याचं काही अडत नाही, आणि गेटक्लिककाउंट (सलग किती क्लिक झाले ते सांगणारी मेथड) २ आलं की पुरे.

राहिली डावखुऱ्यांसाठी बटणं अदलाबदल करण्याच्या पर्यायाची सूचना. भावना चांगली आहे, पण तो पर्याय प्रोग्राममध्ये देऊ नका. विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आहेच, आणि ती अदलाबदल होऊनच क्लिक जावापर्यंत पोहोचतात. तुम्ही त्यावर पुन्हा अदलाबदल केलीत, तर डावखुऱ्या माणसाला नेमक्या तुमच्याच प्रोग्राममध्ये बटणं उलटी मिळतील.