किन्झांग ल्हामोची जागा कुणाची?

सप्रेम नमस्कार.

पॅरिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये शेवटची आलेल्या भूतानच्या किन्झांग ल्हामोवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: शेवटच्या क्रमांकाला ‘पराक्रम’ म्हणणे ही निव्वळ दया आहे, आणि तिच्या सवलतीच्या जागेमुळे एखादी अधिक लायक धावपटू घरी राहिली. ‘पराक्रम’ हा शब्द मी मागे घेतो. तो भरात लिहिला गेला. ज्या देशांचा एकही ॲथलीट पात्र ठरत नाही त्यांच्यासाठी असलेल्या तरतुदीतून तिला प्रवेश मिळाला होता, हे सांगायचे राहून गेले, तीही चूक माझीच.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एका देशाच्या तीनच धावपटू उतरू शकतात. केनियाची चौथी धावपटू कितीही वेगवान असली तरी ती घरी राहते ती या मर्यादेमुळे. भूतानहून कुणीच आले नसते, तरी तिच्यासाठी दार उघडले नसते.

11 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये ल्हामोने 3 तास 52 मिनिटे 59 सेकंदांत शर्यत पूर्ण केली. ती ऐंशिवी, म्हणजे शेवटची आली. विजेत्या सिफान हसनच्या दीड तास मागे. मात्र तिच्याबरोबर निघालेल्या 11 जणी अंतिम रेषेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. व्हर्सायला वळसा घालणाऱ्या त्या चढणीच्या मार्गावर कुणी सायकलवरून, कुणी पायी टाळ्या वाजवत तिला सोबत करत होते. त्या टाळ्यांत दया मुळीच नव्हती असे मी म्हणणार नाही; पण 2022 मध्ये हिमालयातील खिंडी ओलांडणाऱ्या 203 किलोमीटरांच्या स्नोमॅन शर्यतीत दुसरी आलेल्या या बाईला दयेची गरज होती, असेही वाटत नाही.

भूतानला जाब विचारायचाच, तर तिरंदाजीबद्दल विचारावा. तो त्यांचा राष्ट्रीय खेळ, आणि 1984 पासून ते ऑलिंपिकला येत आहेत. तरीही पदक नाही. गावच्या मैदानावर सुमारे 145 मीटरवरच्या अरुंद फळीला एक बाण लागला, की सगळा संघ गात नाचतो. ऑलिंपिकचे लक्ष्य 70 मीटरवर, म्हणजे निम्म्या अंतरावर असते खरे, पण तिथे दहा गुणांसाठी प्रत्येक बाण 12.2 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसावा लागतो, आणि नाचायला कुणी थांबत नाही. स्वतःच्या कामगिरीवर थेट पात्र ठरलेली पहिली भूतानी खेळाडू म्हणजे तिरंदाज कर्मा. टोकियोत आपल्या दीपिका कुमारीने तिला 6-0 असे हरवले, तेव्हा मी दीपिकाबद्दल लिहिले आणि कर्माचे नावही घेतले नाही. आपण तो आक्षेप घेतला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हते.