‘कोल्हापुरात बसून ओक्लाहोमाच्या गप्पा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सह्याद्रीपुत्र’ यांस,

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यासारख्या तेलक्षेत्रात जमिनीखाली दाबाने पाणी भरलं की भूकंप होऊ शकतात, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “कोल्हापुरात बसून ओक्लाहोमाच्या गप्पा मारू नका. पाणी मुरवून जमीन हलत असती तर आमचं उसाचं रान रोज हललं असतं. डेन्व्हरला पंप १९६६ मध्ये बंद झाले, मोठे धक्के १९६७ मध्ये बसले, मग संबंध काय?” वर ‘अर्धवट ज्ञान’ हा आहेर, नकाशा नसल्याची तक्रार आणि माझ्या अमेरिकाद्वेषाचं निदान. प्रतिक्रिया उडवलेली नाही. राहू दे, लोकांनाही वाचू दे.

एक गोष्ट मान्य. अमेरिकेत जमिनीखाली पाणी सोडणाऱ्या अशा विहिरी हजारोंनी आहेत आणि बहुतेकींच्या आसपास काहीही हलत नाही. पण प्रत्येक विहीर भूकंप घडवते असं मी लिहिलंय कुठे?

आता ‘कोल्हापुरात बसून’. अहो, मग कुठं बसायचं? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात फडताळातली पितळी भांडी खाली आली होती. आई आजही सांगते. धरणात पाणी साठायला लागून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. पाणी आणि भूकंप यांचं नातं आम्हाला अमेरिकेकडून कळलेलं नाही. शिवाय उमेदीची वर्षं मी बोअरच्या गाडीवर काढलीत. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर वर येणारी राखाडी भुकटी एकदम तांबडी झाली की गेरूचा पट्टा लागला, हे मी नुसत्या डोळ्यांनी ओळखायचो. तेव्हा जमिनीखाली काय असतं ते मला शिकवताना जरा दमानं घ्या.

उसाच्या रानाचं म्हणाल तर पाटाचं पाणी मुळाशी मुरतं, त्याला मागून कुणी रेटत नाही. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराजवळच्या लष्करी रसायन कारखान्याची विहीर ३,६७१ मीटर खोल होती, म्हणजे बारा हजार फूट. आपल्याकडं बोअर पाचशे फुटांवर गेला तरी मालक कपाळाला हात लावतो. त्या विहिरीतून मार्च १९६२ पासून सांडपाणी तळाच्या कठीण, भेगाळ खडकात जात होतं आणि थोड्याच दिवसांत धक्के सुरू झाले.

तिथल्या खडकात ताण आधीपासूनच साठलेला असतो. भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथं तुटून सरकलेला असतो त्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. बाकीचं काम साठलेला ताण करतो. आणि पंप बंद झाला म्हणून आत गेलेला दाब जागच्या जागी विरत नाही, तो भेगांमधून पुढं सरकत राहतो. तुम्ही पाट बंद केल्यावरही शेवटच्या सरीला पाणी पोचतंच ना? फेब्रुवारी १९६६ नंतर तो दाब दूरच्या भ्रंशापर्यंत पोचत गेला आणि १९६७ मध्ये पाचच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. ज्या वाक्यावर तुम्ही एवढे उड्या मारताय, ते माझ्याच बाजूचं आहे.

तरी शंका असेलच, तर कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्राकडं बघा. तिथं १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब कमी-जास्त करून पाहिला. दाब एका मर्यादेच्या वर गेला की छोटे धक्के वाढायचे, खाली आणला की कमी व्हायचे. यापेक्षा सरळ पुरावा काय पाहिजे, भावा?

ओक्लाहोमात तेलाबरोबर त्याच्या कितीतरी पट खारं पाणी वर येतं आणि ते पुन्हा खोल चुनखडकात सोडतात. त्या थराच्या खालीच भ्रंश असलेला जुना कातळ. २००८ च्या आधी तिथं तीनच्या वर तीव्रतेचे धक्के वर्षाला सरासरी एक-दोन, २०१५ मध्ये सुमारे नऊशे. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा बसला. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणेनं जवळच्या विहिरी बंद करायला लावल्या. त्यांनीही कोल्हापुरात बसून गप्पाच मारल्या म्हणायच्या.

अमेरिकाद्वेषाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, माझा धाकटा भाऊ तिथंच आहे. नकाशा सवडीनं टाकतो. पुढच्या वेळी टोपणनावाआडून न बोलता स्वतःच्या नावानं लिहा, उत्तर याहून सौम्य मिळेल.