‘एक रोबोट, चार माणसांचं काम’: हे गणित लाईनवर का बसत नाही

कुपवाड, मिरज, सातारा इथल्या एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. सांगणं असं: एक रोबोटिक आर्म चार माणसांचं काम करतो. तो चुकत नाही, थकत नाही, सुट्टी मागत नाही. असेंब्ली लाईनवर बसवा, उत्पादन दुप्पट होईल आणि कामगारांची कटकट कायमची संपेल. मी रोबोटच्या विरोधात नाही. पण अशा मजकुरावर विसंबून छोटा कारखानदार बँकेत कर्जाची फाईल टाकतो, म्हणून यातला एकेक दावा तपासला पाहिजे.

पहिला दावा, उत्पादन दुप्पट होण्याचा. समजा, पंप जोडणीची लाईन आहे. बेअरिंग प्रेस करायला ४० सेकंद, इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) बसवायला ५५, सील लावायला ५०, कव्हरचे बोल्ट आवळायला ४५ आणि टेस्टिंगला ९०. बोल्ट आवळायच्या कामाला आर्म आणला आणि ४५ चे २५ सेकंद झाले. तासाला किती पंप वाढले? एकही नाही. टेस्टिंगला ९० सेकंद लागतात तोवर तासाला ४०च पंप बाहेर पडणार. आर्म काम लवकर उरकून पुढची जागा रिकामी व्हायची वाट बघत उभा राहणार. त्याऐवजी दुसरा टेस्ट बेंच टाकला, तर टेस्टिंगचा वेळ दर पंपामागे ४५ सेकंदांवर येतो आणि त्याच लाईनवरून, रोबोटशिवाय, तासाला ६५ पंप निघतात. आता अडतं इम्पेलरपाशी. तिथे आर्म लावून ५५ चे ३५ केले, तर आकडा ७२ वर जातो, कारण मग सीलचे ५० सेकंद आडवे येतात. वेग लाईनचा मोजायचा असतो, आर्मचा नव्हे. कॅटलॉगमध्ये मात्र आर्मचाच छापतात.

दुसरा दावा, ‘चुकत नाही’. हा अर्धाच खरा आहे, आणि आपल्या भागात त्याचा उरलेला अर्धा फार महाग पडतो. आर्म शिकवलेल्या बिंदूवर पुन्हा पुन्हा येतो, आणि चांगल्या छोट्या आर्ममध्ये फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच पडतो. पण तो बिंदूवर येतो, जॉबवर, म्हणजे समोरच्या भागावर, नाही. आपल्याकडे जॉब बहुधा फाउंड्रीत वाळूच्या साच्यात ओतलेलं सँड कास्टिंग असतं. एकाची कड जरा जाड, दुसऱ्याला पार्टिंग लाईनवर (साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर) फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या धातूची पातळ कड, राहिलेली. आपला ऑपरेटर बोटांनी चाचपतो, मनगट किंचित फिरवतो आणि बसवतो. हे तो कुणाला सांगतही नाही, म्हणून ते सायकल टाईमच्या, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेच्या, कागदावर कधी येत नाही. आर्म मात्र सरकलेल्या कास्टिंगवर अगदी अचूकपणे चुकीच्या जागी उतरतो आणि बोल्टचे आटे खातो. त्यावर उपाय आहेत: मशीन केलेला संदर्भ पृष्ठभाग, भाग नेमक्या जागी धरणारं लोकेटिंग पिनचं फिक्स्चर, कॅमेरा, जोर ओळखणारा सेन्सर. या सगळ्याला पैसे लागतात. ग्रिपर (आर्मचा पंजा), पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर), सुरक्षेची जाळी आणि प्रोग्रामिंग धरलं, की नुसत्या आर्मची किंमत एकूण खर्चाचा एक भाग उरतो. त्यात आज या मॉडेलचे ५० नग, उद्या त्या मॉडेलचे ३० अशा ऑर्डरी असतील, तर दर बदलाला ग्रिपर, फिक्स्चर आणि प्रोग्राम बदलावे लागतात.

‘थकत नाही’ याबद्दल फार लिहायला नको. गिअरबॉक्सचं ग्रीस बदलावं लागतं, केबल घासतात, सक्शन कप फाटतात. सांध्यांची स्थिती मोजणाऱ्या एन्कोडरच्या बॅटऱ्या वेळेवर बदलल्या नाहीत, तर अनेक आर्म आपली मूळ जागाच विसरतात.

कामगार नकोत, या दाव्याने मला सर्वांत जास्त त्रास होतो. टेस्लाने मॉडेल ३ या गाडीची लाईन यंत्रांनी गच्च भरली. एप्रिल २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी स्वतः जाहीर केलं, की अति स्वयंचलितीकरण ही चूक होती आणि माणसाला कमी लेखलं गेलं. एवढ्या भांडवलाच्या कंपनीला हे कळायला लाईन अडकावी लागली. आपल्याकडे आर्मला शिकवायला सर्वांत लायक माणूस तोच आहे, ज्याला घालवायचं म्हणतात: कास्टिंग कुठे अडतं हे हाताला ठाऊक असलेला आयटीआयचा फिटर. त्याला टीच पेंडंट, म्हणजे आर्मला हालचाली शिकवायचा रिमोट, हातात द्या आणि पगार वाढवा.

मग आर्म बसवायचा कुठे? पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात लागला तो डाय कास्टिंगचे तापलेले भाग काढायला. ती जागा बरोबर निवडली होती. आपल्याकडे अशा जागा पुष्कळ आहेत: फेटलिंगचं (कास्टिंगवरचा जास्तीचा धातू काढून साफ करण्याचं) ग्राइंडिंग, जिथे सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचते, एकसारखं वेल्डिंग, सीएनसी मशीनवर दिवसभर वजनी जॉब चढवणं-उतरवणं. ही कामं माणसाचे खांदे आणि छाती खातात. सोपं बोल्टिंग यंत्राला देऊन फेटलिंगला मात्र माणूस ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही कोटेशन मागवायचंच असेल, तर आधी आठवडाभर प्रत्येक स्टेशनवर घड्याळ लावून वेळ लिहून काढा. आणि विक्रेत्याला डेमोसाठी निवडक गुळगुळीत नग देऊ नका. तुमच्या बिनमधली कास्टिंग, जशी आली तशी, न निवडता पाठवा आणि त्यातली किती आर्म कुणाचा हात न लागता बसवतो ते समोर उभं राहून मोजा.