‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

रोजच्या इंग्रजी शब्दांचे ‘फुल फॉर्म’ सांगणारा एक मेसेज कित्येक वर्षं फिरतो आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. टी म्हणजे टेस्ट अँड एनर्जी ॲडमिटेड. पेन म्हणजे पॉवर एनरिच्ड इन निब. कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज. बाय म्हणजे बी विथ यू एव्हरीटाइम. यातला एकही शब्द असा बनलेला नाही.

आधी काळाचा हिशेब. आद्याक्षरं जोडून शब्द पाडण्याची रीत इंग्रजीत रुळली विसाव्या शतकात, बरीचशी लष्करी कागदांतून. रडार हा शब्द १९४० चा, लेसर त्याच्याही नंतरचा. आपल्या पिन कोडातला पिन असाच खरा: पोस्टल इंडेक्स नंबर, १९७२. पण शब्द तीन-चारशे वर्षं जुना आणि त्याला फुल फॉर्म, असं दिसलं की शब्दकोशात त्याची पहिली नोंद आणि जुनं स्पेलिंग बघावं. बहुतेक दावे तिथेच गळतात.

न्यूज हे ‘न्यू’चं अनेकवचन: नव्या गोष्टी. सतराव्या शतकातल्या इंग्रजी वार्तापत्रांवर त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं छापलेलं असे. मेसेजच्या हिशेबाने पूर्व दिशा दोनदा आली!

चेसचा दावा पटतो, कारण त्यात निम्मं खरं आहे. रथ, घोडे, हत्ती, पायदळ ही चतुरंगाची, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपाची, चार अंगं खरीच. पण इंग्रजी नाव तिथून आलेलं नाही. फारसीत राजाला शाह म्हणतात, आणि राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह’ म्हणत. हा शब्द अरबी आणि लॅटिनमार्गे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’ झाला, अनेकवचन ‘एस्चेस’. इंग्रजीने पुढचा ‘ए’ गाळला. अनेकवचनाचं चेस झालं, एकवचनाचं चेक. मराठीत आपण शह देतो तोही हाच शाह. आणि मेसेजच्या यादीत राजाच नाही, म्हणजे शह द्यायचा कुणाला?

टी हा चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी तो युरोपात नेला, म्हणून फ्रेंच आणि जर्मनमध्येही त्याचीच रूपं आहेत, आणि इंग्रजही सुरुवातीला ‘टे’ म्हणत. इंग्रजी फुल फॉर्म फ्रेंचांच्या कपात कसा उतरला, हे मेसेज सांगत नाही.

पेन म्हणजे लॅटिन ‘पेन्ना’, पीस. शतकानुशतकं पिसाचं टोक तासून लिहीत. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा ढिगाने निघू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. (पेन्सिलचा पेनशी संबंध नाही. ती लॅटिनमधल्या बारीक कुंचल्याच्या नावावरून आली.)

कोल्डचा दावा मात्र निव्वळ गमतीचा नाही. त्या नावाचा आजार खरोखर आहे; आता डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. तो फुफ्फुसांचा दीर्घकालीन विकार, मुख्यतः तंबाखूच्या आणि चुलीच्या धुराने होणारा. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरते. दोन्ही एकच मानलं, तर महिनोन्‌महिने खोकणारा, धाप लागणारा माणूस ‘कोल्डच आहे’ म्हणून घरी बसेल, किंवा सर्दी झालेला उगाच घाबरेल.

बायच्या बाबतीत मेसेज नकळत खऱ्याजवळ पोचला आहे. ‘गॉड बी विथ यी’ बोलताना झिजत झिजत गुडबाय झालं. ‘गुड डे’सारख्या निरोपांच्या प्रभावाने गॉडचं गुड झालं. मेसेजवाल्यांनी देव काढला आणि ‘एव्हरीटाइम’ चिकटवलं.

मेसेजमध्ये ईट, स्माइल आणि डेटही आहेत; त्यांना फार वेळ नको. ईट हा संस्कृत ‘अद्’चा, स्माइल ‘स्मित’चा नातलग. डेट आली लॅटिन ‘दाता’वरून: पत्रावर ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ असं लिहीत, त्यातलं ‘दिले’. आपल्या ‘दत्त’चा धातूही तोच.